तसा स्टेबल आहे

‘तसा स्टेबल आहे.’

चारकोपमध्ये गेली पंचवीसेक वर्षं मी हे वाक्य ऐकतो आहे. मराठीत ‘तसा’ हा मोठा सोयीचा शब्द. ‘तब्येत तशी बरी आहे’ म्हटलं की समजायचं, गोळ्या चालू आहेत. ‘जागा तशी चांगली आहे’ म्हटलं की पावसाळ्यात भिंतीला ओल येते. प्रोसेसरचंही तेच. मागच्या मे महिन्यात आमच्याच सेक्टरमधला बारावीचा एक मुलगा भर दुपारी दारात येऊन उभा राहिला.

‘काका, पाच पॉइंट तीनवर बसवला.’

‘सगळे कोअर?’

‘सगळे.’

‘स्टेबल आहे?’

‘तसा स्टेबल आहे. म्हणजे, एकदाच रिस्टार्ट झाला.’

‘कधी?’

‘काल दुपारी. आणि परवा दुपारी.’

‘म्हणजे दोनदा.’

‘पण रात्री एकदाही नाही हां, काका.’

पोराने बोलता बोलता निदान करून टाकलं होतं, फक्त त्याला ते कळलं नव्हतं. त्याचं घर वरच्या मजल्यावर, खिडकी पश्चिमेला, डोक्यावर उघडा स्लॅब. दुपारी त्या खोलीत पंखासुद्धा गरम हवा फेकतो. रात्री खाडीकडून जरा वारा सुटतो, भिंती निवतात आणि मशीन शहाण्यासारखं वागायला लागतं.

हे पुस्तक त्या ‘तसा’बद्दल आहे. वेग कसा वाढवायचा हे सांगणारे व्हिडिओ ढिगाने सापडतात. बायोसमध्ये जाऊन एक आकडा बदलायला दोन मिनिटंही लागत नाहीत. पण त्या बदललेल्या आकड्यावर मशीन मे महिन्यातल्या दुपारी, स्वयंपाकघरात मिक्सर फिरत असताना, सलग आठ तास बरोबर उत्तरं देतं का, हे बघायला आठवडे जातात. ओव्हरक्लॉकिंगचं खरं काम तिथे आहे, आणि या पुस्तकाची तीन चतुर्थांश पानंही तिथेच खर्ची पडली आहेत.

आधी मुळातला प्रकार काय ते सांगतो. प्रोसेसर ठोक्यावर चालतो. पाच गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला पाच अब्ज ठोके. दोन ठोक्यांमध्ये जेवढा वेळ मिळतो तेवढ्यात प्रकाशसुद्धा जेमतेम सहा सेंटिमीटर जातो. या अवधीत चिपमधल्या प्रत्येक संदेशाने ट्रान्झिस्टरांची एक रांग ओलांडून पलीकडे पोचायचं आणि पुढचा ठोका पडायच्या आत स्थिरावायचं असतं. कांदिवली स्टेशनावरची सकाळची लोकल डोळ्यांसमोर आणा. गाडी किती वेळ थांबली पाहिजे हे धावत येऊन दांडा पकडणाऱ्या कॉलेजकुमारावर ठरत नाही. ते ठरतं पुलावरून दोन पिशव्या घेऊन उतरणाऱ्या आजीवर. चिपमध्येही अशी एखादी सगळ्यांत लांबची वाट असते, आणि सगळ्या कारभाराचा वेग तीच ठरवते. ओव्हरक्लॉकिंग म्हणजे गाडीचा थांबा कमी करणं. पाच सेकंद कमी केले तर काही बिघडत नाही, आजी चढतात. अजून दोन कमी केले, तरी एरवी चढतात. पण ज्या दिवशी उन्हाने पाय ओढत येतात त्या दिवशी राहतात. आणि गाडी त्यांच्यासाठी थांबत नाही. ती निघून जाते, आणि आत कोण चढलं, कोण राहिलं, याची खबर गार्डलाही नसते. अस्थिरता म्हणतात ती हीच. मशीन बंद पडणं हा तिचा सौम्य प्रकार. मशीन चालू राहून चुकीचं उत्तर देणं हा खरा.

व्होल्टेज वाढवलं की ट्रान्झिस्टर चपळ होतात, म्हणजे आजींना कुणीतरी हात दिला. उष्णता वाढली की ते मंदावतात. आणि व्होल्टेज वाढवलं की उष्णता वाढतेच. सगळा खेळ या चक्रात आहे.

माझी स्वतःची सुरुवात १९९९ सालची. तो सेलेरॉनचा जमाना होता. इंटेलने ऑगस्ट १९९८ मध्ये सेलेरॉन ३०० ए नावाचा स्वस्तातला प्रोसेसर काढला, १४९ डॉलरचा. त्याच दिवसांत आलेला पेंटियम टू ४५० होता ६६९ डॉलरचा. सेलेरॉनचा गुणक साडेचार, आणि बसचा, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ ठोक्याचा, वेग ६६ मेगाहर्ट्झ, गुणाकार तीनशे. बस १०० वर नेली की तोच गुणाकार साडेचारशे होतो. शिवाय या चिपच्या पोटातच १२८ केबी कॅश होती आणि ती प्रोसेसरच्याच पूर्ण वेगाने चालायची. महागड्या पेंटियम टूची ५१२ केबी कॅश बाहेर बसवलेली आणि निम्म्या वेगाची. त्यामुळे साडेचारशेवर नेलेला हा गरीब भाऊ कितीतरी कामांत श्रीमंत भावाच्या खांद्याला खांदा लावून उभा राहायचा. ही बातमी लॅमिंग्टन रोडवर पोचायला वेळ लागला नाही. ग्रँट रोडला उतरून भडकमकर मार्गावर गेलं की काउंटरवरचा पोरगा चिप हातात देताना डोळा मिचकावून सांगायचा, ‘चारशे पन्नास जातो.’ गॅरंटी मात्र तीनशेचीच.

माझ्या घरी आलेला मदरबोर्ड जुन्या पिढीतला होता. त्यावर शंभरची सोय नव्हती. जंपर हलवून ६६, ७५ आणि ८३ एवढेच वेग मिळत. मी ८३ वर लावला. साडेचार गुणिले ८३ म्हणजे पावणेचारशेच्या आसपास. विंडोज ९८ सुरू झालं, गेम पळाला, मी कॉलर ताठ करून सेक्टरभर सांगत सुटलो. प्रोसेसर जेमतेम कोमट. तीन आठवडे एकही ब्लू स्क्रीन नाही. बाबा तेव्हा आमच्या सोसायटीचे खजिनदार होते आणि मेंटेनन्सचा हिशेब माझ्या आग्रहावरून फॉक्सप्रोच्या एका फाईलमध्ये ठेवायला लागले होते. एका रविवारी ते मॉनिटरवर वाकून बराच वेळ काहीतरी बघत राहिले आणि मग शांतपणे म्हणाले, ‘अरे, आपल्याकडे चिनी भाषेत मेंटेनन्स कोण भरतं रे?’ फाईलच्या मधोमध चौदा-पंधरा ओळी विचित्र चिन्हांनी भरल्या होत्या. वरच्या ओळी नीट, खालच्या ओळी नीट. आणखी खाली एका नावापुढची रक्कम साफ चुकीची होती. तिथे चिन्हंही नव्हती, नुसता भलता आकडा. तो फक्त बाबांच्याच ध्यानात आला असता, कारण त्यांनी कॉम्प्युटरवर विश्वास ठेवून आपली लाल बांधणीची वही एक दिवसही बंद केली नव्हती.

कारण मला पुढे वर्षभराने कळलं. त्या बोर्डवर हार्ड डिस्कचा कारभार ज्या पीसीआय बसवर चाले तिचा वेग मुख्य बसला भागून काढलेला असे. पीसीआयला हवे असतात ३३ मेगाहर्ट्झ. ६६ ला दोनाने भागलं की ३३ येतात. ८३ ला दोनाने भागलं की साडेएकेचाळीस. म्हणजे मी प्रोसेसरची गाडी पळवत होतो आणि मागे बांधलेल्या डब्याची चाकं रुळावरून उतरत होती. प्रोसेसर निर्दोष होता. डिस्कवर अधूनमधून भलतंच लिहिलं जात होतं. गंमत पुढेच आहे. नंतर सेकंडहँड मिळालेल्या बीएक्स चिपसेटच्या बोर्डवर बस १०० वर नेली, तिथे पीसीआयसाठी तिनाने भागायची सोय होती, उत्तर बरोबर ३३. म्हणजे ३७५ चा ‘सावध’ वेग डिस्क खात होता आणि ४५० चा ‘आततायी’ वेग पुढे चार वर्षं बिनतक्रार चालला. कमी वाढवलं म्हणजे कमी धोका, ही समजूत मी तेव्हाच सोडली. किती वाढवलं यापेक्षा कशाकशाला धक्का लागला ते आधी बघायचं. या पुस्तकाचं पहिलं प्रकरण म्हणूनच प्रोसेसरवर नाही, मदरबोर्डच्या भागाकारांवर आहे. कंटाळवाणं आहे. वगळू नका.

त्या बीएक्स बोर्डला जंपर नव्हता. तो चिपला विचारून बसचा वेग ठरवायचा. चिपच्या पट्टीवरची बी २१ नावाची पिन झाकली की बोर्डाचा समज व्हायचा की ही शंभरवाली चिप आहे. जगभरची पोरं ती पिन सेलोटेपने किंवा नेलपॉलिशने झाकत होती. मी ताईची नेलपॉलिश घेतली. आगकाडीचं टोक बुडवून एक मिलिमीटर रुंदीच्या सोनेरी पट्टीवर थेंब ठेवायचा, शेजारच्या पट्टीवर ओघळू द्यायचा नाही, अर्धा तास वाळू द्यायचा. हात थरथरत होता, ताई मागून ओरडत होती. पुढच्या काळात एएमडीच्या ड्युरॉन आणि थंडरबर्डवर हेच काम एचबी पेन्सिलने झालं. चिपवरचे तुटके पूल ग्रॅफाइटच्या रेघेने जोडले की गुणक मोकळा. नंतर कंपन्यांनी अशी भगदाडं बुजवली, आणि २०१० पासून तर इंटेलने ‘के’ अक्षर लावून मोकळ्या गुणकाचे प्रोसेसर उघडउघड जास्त किमतीला विकायला सुरुवात केली. चोरवाटेवर टोलनाका बसला म्हणायचं.

आता या पुस्तकातला माझा मुख्य मुद्दा सांगतो, कारण इंग्रजी मार्गदर्शिकांशी माझं भांडण तिथेच आहे. त्या म्हणतात, कंपनी प्रत्येक चिपमध्ये थोडी शिल्लक ठेवते, ती तुमचीच आहे, फुकट आहे, उचला. शिल्लक असते हे खरं. एकाच कारखान्यातून निघालेल्या चिपांची आंब्यांसारखी वर्गवारी होते आणि स्वस्त मालाची मागणी वाढली की पहिल्या प्रतीचे आंबेही दुसऱ्या प्रतीच्या पेटीत जातात; सेलेरॉनचं तेच झालं होतं. पण ही शिल्लक ठेवली कुणासाठी? बावीस अंशांच्या खोलीत, मोठ्या कॅबिनेटमध्ये, चांगल्या एसएमपीएसवर, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्यावर, चालणाऱ्या मशीनला ती फारशी लागत नाही. ती ठेवलेली असते तापलेल्या खोलीतल्या, धूळ खाल्लेल्या, कोंदट कप्प्यात कोंबलेल्या, हलक्या एसएमपीएसवर धापा टाकणाऱ्या मशीनसाठी. म्हणजे आपल्यासाठी. चारकोपातला पीसी ती शिल्लक वेग न वाढवतासुद्धा रोज थोडी थोडी खात असतो. अमेरिकेतला पोरगा जे उचलतो ते त्याचं वरकड असतं. आपण तेवढंच उचललं तर ते घरखर्चातून जातं.

हिशेब सोपा आहे. हीटसिंक प्रोसेसरला खोलीच्या तापमानापेक्षा अमुक इतके अंश वर ठेवतो. खोली तापली की सगळंच तेवढ्याने वर सरकतं. समजा पूर्ण भार असताना हा फरक ५० अंशांचा आहे. बावीस अंशांच्या खोलीत प्रोसेसर ७२ वर. छत्तीसच्या खोलीत ८६ वर. कॅबिनेट टेबलाच्या कप्प्यात ढकललेलं असेल तर आतली हवा आणखी पाचेक अंशांनी तापते, म्हणजे ९१. बहुतेक इंटेल प्रोसेसर शंभराच्या आसपास स्वतःचा वेग स्वतःच कमी करायला लागतात. हातात उरले नऊ अंश, आणि अजून तुम्ही काहीच वाढवलेलं नाही. मुंबईत कडाक्याचा दिवस मेमध्येच येतो असंही नाही. मार्चमध्ये पूर्वेकडचे वारे जोर धरतात, समुद्राचा वारा दुपारी उशिरा आत शिरतो आणि पारा उसळतो. सांताक्रूझला २८ मार्च १९५६ रोजी ४१.७ अंश नोंदले गेले आहेत. शिवरात्रीला ‘स्टेबल’ म्हणून घोषित केलेली मशीनं गुढीपाडव्याला माझ्याकडे येतात ती यामुळे.

आमच्या वस्तीची रचनाही ध्यानात घ्यायला हवी. जागतिक बँकेच्या मदतीने १९८५ ते १९९४ या काळात जो मुंबई नागरी विकास प्रकल्प राबवला गेला त्यात म्हाडाने चारकोपला प्लॉट आखले, रस्ते, पाणी, गटारं दिली. घर ज्याचं त्याने बांधायचं. पंचवीस-तीस चौरस मीटरच्या आसपासचे प्लॉट. लोकांनी आधी तळमजला बांधला, मग पगार वाढला तसा वर एक मजला, मग पोटमाळा. पायात किती लोखंड घातलंय हे त्या वेळच्या गवंड्याला ठाऊक. एका अर्थी आमची अख्खी वसाहतच ओव्हरक्लॉक केलेली आहे, आणि तशी स्टेबल आहे. मुद्दा असा की या घरांत पीसीला स्वतंत्र खोली नसते. तो असतो स्वयंपाकघराच्या ओट्यापासून आठ फुटांवर नाहीतर देवघराच्या खाली. फोडणीचा धूर आणि उदबत्तीचा धूर दोन्ही पंख्यातून आत जातात, त्यावर रस्त्याची धूळ बसते. २०१६ नंतर लिंक रोडवर मेट्रोचं काम चालू होतं त्या वर्षांत मी हीटसिंक उघडायचो तर पंख्याखाली धुळीची अक्षरशः गोधडी निघायची, तेलकट, एका तुकड्यात उचलता येईल अशी. तिच्याखालच्या चाऱ्यांतून हवा जातच नव्हती. अशा मशीनच्या मालकाने मला विचारलेलं आहे, ‘व्होल्टेज किती ठेवू?’ मी ब्रश हातात दिला.

पश्चिमेला तिवरांचं रान आणि खाडी. हवा खारट, दमट. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर पुटं चढतात. मेमरीची चूक दाखवणारी कितीतरी मशीनं मी शाळेच्या खोडरबरने दुरुस्त केली आहेत: रॅम काढायची, पट्ट्या हलक्या हाताने खोडायच्या, कचरा झटकायचा, परत बसवायची. याला मुंबईतला कुठलाही टेक्निशियन हसणार नाही. दुसरी गोष्ट दवाची. जुलैत आमच्याकडे हवा इतकी ओली असते की पंचवीसएक अंशांपेक्षा थंड असलेल्या कुठल्याही पृष्ठभागावर पाणी सुटतं. परदेशात वजा २६९ अंशांचा द्रव हेलियम ओतून लोकांनी नऊ गिगाहर्ट्झ ओलांडले, ते कौतुकाने बघावं. इथे बर्फाच्या पाण्याचा प्रयोग केलात तर कॅबिनेटमध्ये पाऊस पडेल.

विजेबद्दल एकच अनुभव लिहितो. कॅबिनेटसोबत ‘फ्री’ आलेला एक एसएमपीएस माझ्याकडे होता. वर ४५० वॉटचा स्टिकर. त्याच्या बारा व्होल्टच्या तारेवर मल्टिमीटर लावला. मशीन नुसतं चालू असताना ११.९. पूर्ण भार टाकला तर ११.२. नियमाने पाच टक्क्यांपर्यंतची घसर चालते, म्हणजे ११.४; हा त्याच्याही खाली. मी पंधरा दिवस प्रोसेसरचं व्होल्टेज चढवत बसलो होतो, आणि प्रोसेसर जितकं जास्त मागत होता तितका हा बिचारा खाली बसत होता. अस्थिरतेवर व्होल्टेजचा डोस देणं म्हणजे प्रत्येक तापावर तीच गोळी देणं. कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील तर सगळं सोडून आधी अर्थिंग बघा; थ्री-पिनच्या सॉकेटात तिसऱ्या भोकामागे तार आहेच असं नाही.

ताकदीचं गणित निर्दयी आहे. वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. एका काळी आपल्याकडे खूप खपलेला इंटेलचा क्यू ६६०० प्रोसेसर घ्या: चार कोअर, २.४ गिगाहर्ट्झ, नंतरच्या आवृत्तीत ९५ वॉट. बस २६६ वरून ३३३ केली की तो सरळ ३ गिगाहर्ट्झवर जायचा. वेग पंचवीस टक्के जास्त. त्यासाठी व्होल्टेज १.२५ वरून १.३५ करावं लागलं असं धरा, तर विजेचा आकडा ९५ वरून १३८ च्या आसपास जातो. पंचवीस टक्के वेगासाठी पंचेचाळीस टक्के उष्णता, आणि ती तुमच्याच खोलीत. पंखा तीनवर होता तो पाचवर.

आता चाचणीबद्दल, कारण ‘तसा’ हा शब्द तिथेच गळून पडतो. आमच्या पिढीला शाळेत गुणाकार केल्यावर नवाचा ताळा बघायला शिकवायचे. प्राइम९५ नावाचा प्रोग्राम तेच करतो. तो मुळात प्रचंड मूळ संख्या शोधण्यासाठी लिहिला गेला, १९९६ पासून जगभरची मशीनं त्यावर राबताहेत. लाखो अंकी संख्येचा वर्ग करताना तो दशांश अपूर्णांकांतून हिशेब नेतो आणि शेवटी उत्तर पूर्णांकाला चिकटून आलं का ते तपासतो. थोडी तफावत चालते. पण ती अर्ध्यावर पोचली तर उत्तर या पूर्णांकाचं की त्या, हे सांगताच येत नाही. मग तो थांबतो आणि लिहितो की तफावत ०.४ पेक्षा कमी हवी होती, ०.५ आली, हार्डवेअरमध्ये बिघाड आहे. स्क्रीन गोठलेला नसतो, माउस फिरत असतो, गाणं वाजत असतं, आणि आठपैकी एका कोअरने गणित चुकवलेलं असतं. ही ओळ पहिल्यांदा दिसते तेव्हा पोरं म्हणतात, प्रोग्रामच गंडलेला आहे. बाबांच्या लाल वहीबद्दल मीही एकदा असंच म्हणालो होतो.

घरगुती ताळाही आहे. दोन-तीन जीबीची झिप फाईल दहा वेळा उघडा. झिपमध्ये प्रत्येक तुकड्याची पडताळणी-बेरीज लिहिलेली असते; मशीन नीट असेल तर दहाही वेळा जुळते. नऊ वेळा जुळली आणि एकदा नाही, तर फाईल खराब नाही, मशीन खराब आहे. २०२४ मध्ये हीच युक्ती साऱ्या जगाला पुन्हा शिकावी लागली. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे वरच्या दर्जाचे डेस्कटॉप प्रोसेसर गेम सुरू होताना कोसळत होते. स्क्रीनवर यायचं की ग्राफिक्सची मेमरी संपली. लोकांनी ग्राफिक्स कार्डं बदलली. खरी चूक दाबलेला डेटा उलगडताना प्रोसेसर करत होता. कुणी ओव्हरक्लॉक केलं नव्हतं, कंपनीच्याच सेटिंगवर हे चाललं होतं. शेवटी इंटेलने सांगितलं की प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता आणि त्या व्होल्टेजने व उष्णतेने चिपमधलं ठोका पोचवणारं मंडळच वेळेआधी म्हातारं होत होतं. मायक्रोकोडच्या दुरुस्त्या आल्या, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण झालेली झीज भरून येत नाही.

असं पहिल्यांदाच घडलं असंही नाही. २००० सालच्या ऑगस्टमध्ये १.१३ गिगाहर्ट्झचा पेंटियम थ्री इंटेलला बाजारात आणल्यावर महिन्याभरात परत घ्यावा लागला होता; लिनक्सचं कर्नल कंपाइल करायला घेतलं की तो अडखळायचा. एएमडीबरोबरच्या शर्यतीत कंपनीने स्वतःच ओव्हरक्लॉकिंग केलं होतं म्हणा. (पेंटियमचे जनक म्हणवले जाणारे विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा. चिपच्या तापट स्वभावाचा याच्याशी संबंध जोडण्याचा मोह मी कांदिवलीकर म्हणून कटाक्षाने टाळतो.) आज परिस्थिती अशी की टर्बोच्या नावाखाली कंपन्या चिपमधली बहुतेक शिल्लक कारखान्यातच पिळून घेतात. सेलेरॉनसारखा पन्नास टक्के वेग फुकट मिळायचे दिवस गेले. हल्ली पाच टक्क्यांसाठी तीस टक्के जास्त वीज जाळावी लागते.

म्हणून पुस्तकाचा शेवटचा भाग उलट्या दिशेने जातो. बारावीतल्या त्या मुलाच्या मशीनचं मी काय केलं ते तिथे तपशिलात दिलं आहे. इथे एवढंच की आम्ही वेग पाच पॉइंट एकवर आणला आणि मग व्होल्टेज एका वेळी एक बारीक पायरी असं खाली उतरवत गेलो. प्रत्येक पायरीवर तासभर चाचणी, तीही दुपारी दोन ते चारमध्येच, खिडकी बंद करून. तिसऱ्या दिवशी एका कोअरने चूक दाखवली, तिथून दोन पायऱ्या वर आलो आणि थांबलो. तापमान अकरा अंशांनी उतरलं. गेममध्ये त्याला फरक जाणवला नाही, म्हणजे फ्रेम आधी होत्या तेवढ्याच. त्याच्या आईला जाणवला. पंख्याचा आवाज कमी झाला म्हणाल्या, आणि चहा पाठवला.

पुस्तक कसं वाचायचं याबद्दल दोन शब्द. पानं उलटायच्या आधी एक साधी वही आणा. पहिल्या पानावर खोलीचं तापमान, तारीख आणि वेळ लिहा. प्रोसेसरचा आकडा त्यानंतर. एका वेळी एकच गोष्ट बदला. बायोसचं पान मोबाइलने टिपून ठेवा, कारण सेटिंग उडाल्यावर कुणालाच काही आठवत नाही. घरच्यांच्या फाईलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवल्याशिवाय कशालाही हात लावू नका. फोटो, पावत्या, बहिणीचा प्रोजेक्ट, सगळं. मी दिलेले आकडे माझ्या खोलीतले आहेत, ते जसेच्या तसे उचलू नका. मुलुंडच्या डोंगराखालच्या घरात दुसरे येतील, नागपुरात तर मे महिन्यात हे पुस्तक मिटूनच ठेवलेलं बरं. माझ्या स्वतःच्या कॅबिनेटच्या दाराला आतून एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर सेटिंगचे दोन रकाने आहेत, एकावर ‘डिसेंबर’, दुसऱ्यावर ‘मार्च ते जून’. होळी पेटली की मी दुसऱ्या रकान्यावर येतो.

आभार मानायचे ते लॅमिंग्टन रोडवरच्या अनेक काउंटरांमागच्या पोरांचे, ज्यांनी गिऱ्हाईक नसताना मला तासन्‌तास उभं राहू दिलं. आमच्या सेक्टरमधल्या मुलांचे, ज्यांच्या मशीनवर मी शिकलो आणि ज्यातली दोन माझ्या हातून कायमची गेली. दोन्हींची भरपाई मी केली आहे, तरी त्यांच्या आया अजून रस्त्यात भेटल्या की विचारतात. बाबांची लाल वही हे पुस्तक लिहिताना समोर होती. आणि ताईचे, जिची नेलपॉलिशची बाटली १९९९ पासून माझ्या स्क्रू ड्रायव्हरच्या डब्यात आहे. ती आता पार वाळून गेली आहे, पण परत मागणं काही तिने सोडलेलं नाही.

चारकोप, कांदिवली पश्चिम